खोकायची रीत

आमच्या गावात खोकायचीसुद्धा रीत आहे. बापई माणूस खोकतो तो आलो म्हणून सांगायला. राघोबा आप्पांना कुणाच्या घरी जायचं झालं की ते वेशीपासूनच घसा खाकरत निघायचे, म्हणजे आतल्या बायकांनी डोईवर पदर घ्यावा, बाज रिकामी करावी, पोरांना गप करावं. बाईनं मात्र भिंतीकडं तोंड करून खोकायचं. पदराचा बोळा तोंडावर दाबायचा, आवाज घशातच मारायचा, आणि वडीलधारं कुणी समोर असलं तर तेवढंही नाही. गिळायचं. म्हाळसा लग्न होऊन आली तेव्हापासून गिळत होती. त्यात ती इतकी तरबेज झाली होती की तिला खोकला आहे हे गावाला कळायला कितीतरी वर्षं गेली.

कळलं ते शाळेमुळं. म्हाळसा धनगराची. नवऱ्याची, लिंगाप्पाची, मेंढरं होती तोवर ती त्याच्यामागं रानोमाळ हिंडली आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत राहिली. पुढं चराईची रानं लोकांनी नांगरून घेतली, मेंढरं मोडावी लागली, पोरगा श्रीशैल बायकोला घेऊन हैदराबादला इमारतीच्या कामावर गेला. मागं राहिलेल्या दोघांना तारलं ते शाळेतल्या दुपारच्या जेवणानं. सरकारनं भात-सांबार सुरू केलं आणि म्हाळसा स्वयंपाकीण झाली, हाताखाली गुरुबाई. जन्मात पहिल्यांदा तिला कुणाच्या बांधावर वाकून उभं न राहता काम मिळालं होतं. पोरं तिला भाताची आजी म्हणायची. श्रीशैल फोनवर सारखा म्हणायचा, "या की इकडं दोघं बी, सिमिट कालवायला माणसं लागायलेत." म्हाळसा म्हणायची, "माझा भाताचा डाव माझ्या हातात हाय तवर मी यायची न्हाई." सिमेंटच्या त्या धुरळ्यात आपण किती दिवस टिकू, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची खोली. खिडकी नाही, धुराडं नाही, एक दार. चुलीला तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, आणि बाभळीची ओली लाकडं. आता कुणी म्हणेल, सरकारनं गॅस नव्हता दिला काय? दिला होता की! मोठी दोन तोंडांची शेगडी, टाक्या, नळी, सगळं ट्रॅक्टरमधून उतरताना अख्ख्या गावानं पाहिलं. शाळा समितीचा अध्यक्ष शिवराज, राघोबा आप्पांचाच मुलगा. आडतीचं दुकान, दारात मोटरसायकल. तो म्हणाला, "शाळंला धड कडीकोयंडा न्हाई. चोरीला गेलं तर जबाबदार कोण?" आणि शेगडी त्यानं घरी नेऊन ठेवली. तिथं ती इतकी सुखरूप होती की त्याच्या घरी पाहुणे आले की तिच्यावर पोहे व्हायचे. गावाला माहीत होतं, आणि गाव मूग गिळून गप्प होतं.

त्या साली श्रावणात झड लागली. तुऱ्हाट्या भिजून काळ्या पडल्या, पेटता पेटेनात. म्हाळसा चुलीपुढं उकिडवी बसून फुंकणी तोंडाला लावायची. फुंकणीनं फुंकायलाही हात बसावा लागतो. जोरात फुंकलं तर राख तोंडावर येते आणि ठिणगी विझून जाते. बारीक, लांब, एकसारखी फुंक पाहिजे, छातीतलं सगळं संपेपर्यंत. म्हाळसाची छाती आता लवकर संपायची.

"अक्का, जरा बाहीर बस," गुरुबाई म्हणाली. "मी फुंकते."

"तू भात बघ. करपायलाय."

एवढं बोलून तिनं पुन्हा फुंकणी तोंडाला लावली आणि खोकल्याची अशी उबळ आली की फुंकणी हातातून सुटून खडखडत दारापर्यंत गेली. म्हाळसा तिच्यामागं दारात आली, चौकट धरली. समोर शाळेच्या कट्ट्यावर राघोबा आप्पा बसलेले. तिनं गिळायला पाहिलं, पण गिळवेना. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, आणि शेवटी जे बाहेर यायचं ते सगळ्यांदेखत दारात पडलं. ताटल्या घेऊन रांगेत बसलेली पोरं बघत राहिली.

आप्पा उठले आणि काठी टेकत निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, म्हाळसाला टीबी आहे.

दुसऱ्या दिवशी शिवराजनं तिला मास्तरांच्या खोलीत बोलावलं. ती दारातच उभी राहिली, मागं लिंगाप्पा.

"म्हाळसाबाई, लोक बोलायलेत. पोरांच्या अन्नाचा सवाल हाय. दवाखान्यात दाखवून या. तवर चुलीकडं यायचं न्हाई."

"मी काय पातेल्यात खोकत न्हाई, अण्णा."

"हळू बोल," मागून लिंगाप्पा पुटपुटला. "पदर घे."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिनं बेडका दिला. टीबी निघाला नाही. पुन्हा मागितला, पुन्हा दिला, पुन्हा नाही. हे तिनं येऊन सांगितलं तेव्हा शिवराज म्हणाला, "टीबी न्हाई तर मग खोकतीस कशानं? काय हाय ते काढून आण. मग बघू." जसं काही तिनंच ते पदराखाली लपवून ठेवलं होतं.

त्याच दवाखान्यात महिन्याभरानं दम्याची तपासणी ठेवली होती. कुठल्याशा औषध कंपनीचं यंत्र येणार, फुंकून छाती कळणार, फुकट. दोघं टमटमनं खटकचिंचोळीला आले, तिथून बसनं तालुक्याला. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत चढ आहे. म्हाळसा दर विजेच्या खांबाला टेकायची. लिंगाप्पा चार पावलं पुढं जाऊन थांबायचा आणि इकडंतिकडं बघायचा, कुणी आपल्याला बघत तर नाही ना.

वऱ्हांड्यात रांग होती, सगळी बाप्यांची. टेबलापाशी टाय लावलेला एक तरुण दख्खनीत एकेकाला विचारून आत सोडत होता. म्हाळसाची पाळी आली.

"बिडी पीते क्या, अम्मा?"

"न्हाई."

"सिगरेट? चुट्टा?"

"अगं माय! न्हाई."

"फिर इधर कायकू आये? ये बिडीवालों का है. हटो, पीछेवाले को आने दो."

मागं लिंगाप्पा होता. तो आपला तिच्या सोबतीला आलेला. कानावर बिडी बघून टायवाल्यानं त्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं. "दम खींचो. अब फूँको!" लिंगाप्पानं फुंकलं. आयुष्यभर या डोंगरावरून त्या डोंगरावर मेंढरांना हाळ्या घातलेला माणूस तो. यंत्राचा काटा पार वर गेला. "वा रे बुढ्ढे, घोडा है घोडा!" टायवाला म्हणाला. लिंगाप्पा तोंडभर हसला. रांगेतले चार जणही हसले. आणि जिच्या छातीत हवा मावत नव्हती ती भिंतीला टेकून बघत होती. तिच्या डोक्यात अशी सणक गेली की नवऱ्याला उठवून ती स्वतःच स्टुलावर बसली.

"मी बी फुंकणार."

"अरे अम्मा..."

"मी सकाळपासून उभी हाय. मी फुंकणार."

टायवाल्यानं घड्याळ बघितलं आणि तिच्या हातात नळी दिली. "चिराग बुझाते ना फूँक मार के? वैसाइच. एकदम."

म्हाळसानं नळी तोंडाजवळ नेली आणि तिथंच थांबली. दिवा फुंकून विझवायचा? आमच्याकडं लहान पोरानं जरी दिव्यावर फुंकर मारली तरी आई त्याच्या तोंडावर चापट देते. दिवा हातानं शांत करतात, वात तेलात ओढतात, फुंकत कुणी नाही. म्हाळसानं जन्मात दिवा फुंकला नव्हता. तिला फुंकायची एकच तऱ्हा माहीत होती, आणि हातात नळी आल्यावर तिच्या तोंडानं आपसूक तेच केलं. बारीक, लांब, एकसारखी फुंक. काटा जागचा हलला नाही.

"जोर से! जोर लगाओ!"

तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा तसंच.

"ये अम्मा तो नाटक कर रही," टायवाला रांगेकडं बघून म्हणाला. "कुछ नहीं हुआ इसको. चलो, अगला."

रांग हसली. लिंगाप्पानं तिचा दंड धरला. "ऊठ. चल. माणसं बघायलेत."

तिला उबळ आली होती. ती तिनं गिळली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ती उठली. पण बाहेर गेली नाही. आतल्या खोलीच्या दारात फरशीवर जाऊन बसली. लिंगाप्पा दोनदा बोलवायला आला, ती हलली नाही. एका पेशंटाला सोडायला डॉक्टरीण दारात आली तेव्हा तिचा पायच म्हाळसाला लागला.

"कोण ही? इथं का बसलात, अम्मा?" डॉक्टरीण कानडी मुलखातली, मराठी अडखळत बोलायची.

"बाई, मला काय झालंय तेवढं सांगा. माझं काम जायलंय."

डॉक्टरणीनं तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. मग तिला घेऊन यंत्रापाशी आली. टायवाला म्हणाला, "मॅडम, वो जोरइच नहीं लगाती." डॉक्टरणीनं तिला फुंकायला सांगितलं आणि बघत राहिली.

"असं कामून फुंकता हो?"

"फुंकणीनं असंच फुंकतेत, बाई. जोरात फुंकलं तर राख तोंडावर येती."

डॉक्टरणीनं तिचे हात हातात घेऊन बघितले. बोटांची पेरं धुरानं पिवळी-काळी पडलेली. "किती वर्षं फुंकता?"

"ते काय मोजलंय व्हय. परकर नेसत हुते तवापासून."

आता हिला कसं सांगावं ते डॉक्टरणीला कळेना. दिवा, मेणबत्ती, फुगा, एकही गोष्ट लागू पडत नव्हती. तेवढ्यात लिंगाप्पा भीत भीत पुढं आला. "अगं, भाजलेल्या शेंगा चोळतीस. मग तळहातावरली सालं कशी उडवतीस? तसं मार."

म्हाळसानं तळहात समोर धरला, नळी तोंडात घेतली आणि फूऽ करून सालं उडवली. काटा थरथरला, तळाच्या जरा वर आला आणि पडला. तिनं पुन्हा मारली. तेवढाच. तिसऱ्यांदा उबळ आली, तशी ती सवयीनं भिंतीकडं वळली, पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि गिळायला लागली.

"गिळू नका," डॉक्टरीण म्हणाली. "बाहेर येऊ द्या."

"बापई माणसं हायत, बाई."

"असू देत. छातीतलं आत दाबून मरायचंय का? खोका. जोरात खोका!"

डॉक्टरणीनं तिला औषधाचा पंप ओढायला दिला, थोडा वेळ बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. फारसा फरक पडला नाही. मग तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं. टीबी नाही, कुणाला लागणार नाही. चुलीच्या धुरानं छातीतल्या नळ्या आवळून गेल्यात. गेलेला दम परत येणार नाही, आहे तो राखायचा. रोज पंप घ्यायचा आणि धुराजवळ जायचं नाही.

"मग सयपाक?" लिंगाप्पानं विचारलं.

"गॅसवर करा."

म्हाळसा एकदम हसली. हसता हसता तिला पुन्हा उबळ आली.

गावात आल्यावर ती घरी गेलीच नाही. गुरुबाईला घेऊन तडक शिवराजच्या वाड्यावर गेली. अंगणात राघोबा आप्पा बाजेवर, शिवराज दाढी करत बसलेला. म्हाळसानं पदर घेतला, पण मान खाली घातली नाही.

"अण्णा, मला टीबी न्हाई. चुलीच्या धुरानं झालंय. कुणाला बी लागत न्हाई. डाक्टरीण मनली, गॅसवर करा. शाळंचा गॅस न्यायला आलाव."

"आत्ता? आता टाकी जोडलेली हाय. उद्या..."

"गुरुबाई, नळी काढ."

गुरुबाई आत गेली. शिवराजची बायको शेगडीवरचं दूध उतरवून बाजूला झाली. दोघींनी शेगडी उचलली. अंगणातून, गल्लीतून, मारुतीच्या पारावरून. दहा पावलं गेलं की म्हाळसा खाली ठेवायची, गुडघ्यावर हात टेकून श्वास गोळा करायची, पुन्हा उचलायची. लोक दारात येऊन बघत होते. लिंगाप्पा टाकी खांद्यावर घेऊन मागून येत होता, मान खाली घालून. एक दाढी झालेला गाल आणि एक साबण लावलेला गाल घेऊन शिवराज दारात उभा होता.

पुढचे काही दिवस शाळेत भात गॅसवर शिजला. पत्र्याच्या त्या खोलीत पहिल्यांदा समोरची भिंत दिसली. म्हाळसा डाव हलवताना गुरुबाईशी बोलायची, आणि बोलता बोलता थांबावं लागत नाही म्हणून तिचं तिलाच नवल वाटायचं. पोरांना एक दिवस तिनं लसणाची फोडणी देऊन सांबार केलं. पोरं ताटल्या चाटत होती.

मग एका सोमवारी ती गेली तर स्वयंपाकघरात अंजू. शिवराजच्या बायकोची चुलत बहीण, नुकतीच नवऱ्यासोबत गावात राहायला आलेली. गळ्यात नवी चुनरी, हातात म्हाळसाचा डाव.

शिवराज दारात उभाच होता. "म्हाळसाबाई, तुमच्याच भल्यासाठी. दवाखान्यानंच सांगितलंय ना, तुमाला दम न्हाई मनून? एवढी पातेली उचलणं तुमच्यानं व्हायचं न्हाई. काय झालं तर समितीवर यील. आता गॅस हाय, कुणीबी करंल."

लाज कशी ती नाही! टीबी म्हणून काढायची होती, टीबी निघाला नाही. मग तिनं जीव आटवून दवाखान्यातून जे काढून आणलं, तेच यानं तिच्या तोंडावर मारलं. तिनंच ओढून आणलेल्या शेगडीवर दुसरीला बसवलं. गुरुबाईनं तोंड उघडलं तर शिवराज तिला म्हणाला, "तुला बी घरी बसायचंय काय?" ती पातेल्याकडं वळली. तिच्या घरात दोन पोरी होत्या.

म्हाळसा घरी आली. ओट्यावर लिंगाप्पा घोंगडीला ठिगळ लावत होता. तिनं सांगितलं. त्यानं सुई घोंगडीत खोचून ठेवली.

"श्रीशैलला फोन लावू?" तो म्हणाला. "जाऊ तिकडं. इथं कुणाकुणाशी भांडायचं."

"मी मरायला जायची न्हाई तिकडं," म्हाळसा म्हणाली. "तुमाला जायचं तर जावा."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला ती शाळेत गेली. स्वयंपाकघराकडं वळली नाही. सरळ कट्ट्यावर जाऊन बसली, जिथं राघोबा आप्पा बसतात तिथं. त्या कट्ट्यावर आमच्या गावातली बाई आजवर बसलेली नाही. वर्गात कविता चालू होती. आतून गॅसचा फुसफुस आवाज येत होता. म्हाळसाला उबळ आली, आणि तिनं ती येऊ दिली. पदर घेतला नाही, भिंत शोधली नाही. मान वर करून, तोंड उघडून खोकली. पोरांची कविता थांबली. मास्तर खिडकीत आले, बघून आत गेले. पुन्हा कविता सुरू झाली, पुन्हा ती खोकली.

वेशीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. राघोबा आप्पा येत होते. हा आवाज ऐकला की गल्लीतल्या बायका उठून उभ्या राहतात. म्हाळसा बसूनच राहिली. आप्पा समोर येऊन उभे राहिले, पुन्हा खाकरले. तिनं उत्तर दिल्यासारखा खोकला काढला. मोटरसायकल फटफटवत शिवराज आला.

"हे काय नाटक लावलंय, म्हाळसाबाई?"

"नाटक न्हाई. तपासून आण मनलं व्हतं तुमीच. आणलंय. ऐका आता."

"ऊठ तितून!"

"माझा डाव द्या. पातेली गुरुबाई उचलंल, आजवर तिनंच उचलली. न्हाईतर मी रोज येणार. रोज इथंच खोकणार. शाळंचा सायब येऊ दे, तवा बी खोकणार, आन कशानं झालं ते बी सांगणार. शेगडी किती दिस कुणाच्या घरी व्हती ते बी."

शिवराजचं तोंड उतरलं. गल्लीच्या तोंडाशी बायका जमायला लागल्या होत्या. पाराकडून चार बापई आले, आणि त्यांच्यात खांद्यावर घोंगडी टाकलेला लिंगाप्पा होता.

आप्पांनी काठी आपटली. "लिंगाप्पा! बायकोला आवर. गावात काही रीतभात हाय का न्हाई?"

लिंगाप्पा पुढं आला. म्हाळसानं मनात धरलं, आता हा दंड धरणार. जन्मभर त्यानं हेच केलं होतं. हळू बोल, पदर घे, ऊठ, माणसं बघायलेत. त्यानं कानावरची बिडी काढली, एकदा निरखून बघितली आणि चिखलात टाकून दिली. खांद्यावरची घोंगडी झटकून त्यानं कट्ट्यावर पसरली. म्हाळसाला हातानं खूण करून घोंगडीवर सरकवलं आणि स्वतः तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

म्हाळसाला पुन्हा उबळ येत होती. एवढी माणसं बघून तिचा हात सवयीनं पदराकडं गेला. लिंगाप्पानं तो हात धरून खाली ठेवला.

"दाबू नगंस," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खोक. जोरात खोक."

म्हाळसा खोकली. वेशीपर्यंत ऐकू गेलं.